क्रोशे शिकू की दोन सुयांचं विणकाम? सुरुवातीच्या या चुका टाळा

पहिली चूक सुई हातात घ्यायच्या आधीच होते. "दोन्हीतलं सोप्पं कुठलं?" एवढंच विचारायचं आणि मिळेल त्या उत्तरावर कामाला लागायचं. उत्तर बहुतेक वेळा क्रोशे असंच येतं आणि ते खोटं पण नाही, टोकाला आकडा असलेली एकच सुई, एका वेळी एकच फास सांभाळायचा, चुकलं तर ओढून उसवायचं आणि हवं तिथे थांबायचं. पण मग महिनाभर हात बसवल्यावर लक्षात येतं की आपल्याला मुळात मऊ, अंगाबरोबर ताणला जाणारा स्वेटर करायचा होता, आणि क्रोशाचं कापड जाड होतं, कमी ताणतं. क्रोशाचे स्वेटर होतच नाहीत असं नाही, छान होतात, पण ते अंगावर वेगळे पडतात.

म्हणून आधी वस्तू ठरवा. मोजे, स्वेटर, कानावर घट्ट बसणारी टोपी असं काही डोक्यात असेल तर दोन सुया. छोटी खेळणी, पिशव्या, लेस, चौकोन जोडून केलेलं पांघरूण असेल तर क्रोशे, कारण त्यात गोल जा, आडवं जा, कोपऱ्यातून वळा, सगळं चालतं, आणि टाके घट्ट घेतले की खेळण्यातला कापूस बाहेर डोकावत नाही. लोकर आणतानाही हे लक्षात ठेवा, तेवढ्याच मापाच्या कापडाला क्रोशेमध्ये लोकर जास्त लागते, साधारण एक तृतीयांश जास्त धरतात. विणकामाच्या हिशोबाने लोकर आणली आणि क्रोशे सुरू केलं की शेवटच्या हातभर तुकड्याला नेमकी लोकर संपते.

लोकरीवरून आठवलं, माझ्या मते सुरुवातीला सोडून देणाऱ्यांपैकी निम्मे लोक चुकीच्या लोकरीमुळे सोडतात आणि नाव मात्र क्रोशेचं किंवा सुयांचं घेतात. मी स्वतः सुरुवात केली ती काळ्याभोर, केसाळ लोकरीने, दिसायला इतकी सुंदर होती म्हणून. त्यात टाका कुठला आणि दोन टाक्यांमधली जागा कुठली हेच दिसत नाही, उसवायला गेलं तर केस एकमेकांत अडकून गाठ होते, चार दिवसांत वाटायला लागलं की आपल्या हातात कला नाहीये. फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची, नीट पिळाची लोकर घ्या. तिच्यासोबत 5 मिमीची क्रोशाची सुई किंवा 4.5 ते 5 मिमीच्या सुया चालतात. विणायच्या सुया लाकडी किंवा बांबूच्या बघा, धातूवरून टाके फार पटकन घसरतात.

सुया नंबर बघून घेऊ नका, मिलिमीटर बघा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन पद्धतीत बरोबर उलटं. म्हणजे 8 नंबरची सुई एकीकडे 4 मिमी आणि दुसरीकडे 5 मिमी. क्रोशेच्या इंग्रजी पॅटर्नमध्ये (लिहून दिलेल्या कृतीत) तर अजून गंमत आहे, अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब (बुटका टाका), त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला साधा खांब (त्याहून उंच टाका). पॅटर्न कुठल्या पद्धतीचा आहे ते न बघता सुरू केलं तर वस्तू भलत्याच उंचीची होते, आणि आपण आपल्या हाताला दोष देत बसतो.

क्रोशे: चौकोनाचा त्रिकोण होतोय

हे सगळ्यांचं होतं, अगदी सगळ्यांचं. कारण ओळीच्या टोकांना आहे. खांबाची ओळ सुरू करताना ज्या 3 साखळ्या (एकातून एक ओढलेले फास) घालतो त्या पहिला खांब म्हणून धरतात, त्यामुळे पुढचा खांब त्याच बुडात न घालता शेजारच्या टाक्यात घालायचा, आणि परत येताना शेवटचा खांब त्या 3 साखळ्यांच्या डोक्यात घालायचा. ते डोकं टाक्यासारखं दिसत नाही म्हणून आपण सोडून देतो आणि दर ओळीला एक टाका कमी होत जातो. उलट बुडात पण खांब घातला तर टाके वाढतात. मुक्या खांबाला 1 साखळी असते, ती सहसा टाका म्हणून धरत नाहीत, तिथे पहिल्याच टाक्यात सुई घालायची. शिकताना प्रत्येक ओळ मोजा, कंटाळा आला तरी मोजा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा.

दुसरं, सुई टाक्यात शिरतच नाही इतकं घट्ट होणं. बहुतेक वेळा फास सुईच्या आकड्यालगतच्या बारीक मानेवर घेतलेला असतो. तो पुढे सरकवून सुईच्या पूर्ण जाडीच्या भागावर आणा, माप तिथलं असतं. पहिली साखळीच आवळली जात असेल तर तेवढी ओळ एक नंबर जाड सुईने घाला.

दोन सुया: 20 टाके घातले होते, 27 कसे झाले?

इथे आपोआप टाके वाढतात. एक तर ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईवरून मागे ओढली जाते, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि दोन टाके असल्यासारखे दिसतात, आपण भोळेपणाने दोन्ही विणतो. लोकर सुईच्या खालून मागे न्यायची. दुसरं म्हणजे उलट टाक्यावरून (लोकर पुढे ठेवून विणतात तो) सुलट टाक्यावर (लोकर मागे ठेवून विणतात तो) जाताना लोकर पुढेच राहते, मग सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत भोक दिसतं. आणि ओळ अर्धी ठेवून उठू नका, परत बसल्यावर कुठल्या बाजूला जायचं तेच कळत नाही. उठावंच लागलं तर एवढं लक्षात ठेवा, ज्या सुईच्या टोकापाशी गुंड्याची लोकर आहे ती उजव्या हातात.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं की कडा गुंडाळल्या जातात. तुमचं काही चुकलेलं नाही, त्या विणीचा स्वभावच तो आहे, इस्त्रीने काही काळ सपाट होईल आणि परत गुंडाळेल. पहिल्या मफलरला सगळ्या ओळी सुलटच विणा, अजिबात वळत नाही आणि उलट टाका शिकायचं टेन्शन पण पुढे ढकललं जातं.

दोन्ही एकाच आठवड्यात शिकायला घेऊ नका, लोकर धरायची सवय धड कशातच बसत नाही. आधी क्रोशे करून मग सुयांकडे येणार असाल तर लोकर डाव्या हातात धरून विणायची पद्धत बघा, हाताला ओळखीची वाटते.

आणि सुयांचं विणकाम निवडलं तरी एक क्रोशाची सुई जवळ असूच द्या. टाका सुटून खाली शिडी पडत गेली की घाबरून सगळं उसवतात, त्याची गरज नसते. सुलट बाजू आपल्याकडे करायची, सुटलेल्या फासात क्रोशाची सुई घालायची, शिडीची एकेक पायरी खालून वर त्यातून ओढत न्यायची आणि शेवटी तो टाका न पिळता परत सुईवर चढवायचा. दोन मिनिटांचं काम आहे.