कांदा निर्यातीच्या धोरणात आपलं म्हणणं कसं घालायचं

निर्यातीवर निर्बंध आले की आमच्याकडचा क्रम ठरलेला. लासलगावला लिलाव बंद, चांदवड चौफुलीवर रास्ता रोको, प्रांतांना निवेदन, निवेदनाचा फोटो. मी निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं निर्यातीचं कागदकाम बघते. रास्ता रोकोला माझा विरोध नाही, त्याचा उपयोग झालेला मी पाहिलाय. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, लिलाव बंद पडले आणि चार दिवसांत केंद्राने २४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन खरेदी जाहीर केली. राज्याचे कृषिमंत्री दिल्लीत, उपमुख्यमंत्री जपान दौऱ्यावर, तिथून फोनाफोनी. पण शुल्क हललं नाही. रस्त्यावर जे मिळतं ते बहुतेक वेळा भरपाईच्या स्वरूपात. धोरणाचा कागद बदलायचा असेल तर तो कुठल्या टेबलावर लिहिला जातो ते आधी माहीत हवं.

निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली माल बाहेर पाठवता येत नाही असा भाव) हे वाणिज्य मंत्रालयाखालच्या डीजीएफटीचं, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचं काम. १९९२च्या विदेश व्यापार कायद्यातलं कलम ३ केंद्राला हा अधिकार देतं. निर्यात शुल्क मात्र अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग लावतो. त्यामुळे ‘४० टक्के शुल्क हटवा’ असं पत्र कृषी मंत्रालयाला लिहिलं तर ते फक्त या खात्यातून त्या खात्यात फिरतं. आणि या दोघांच्याही मागे तिसरं खातं आहे, ज्याचं नाव आपल्या निवेदनांत क्वचितच असतं: ग्राहक व्यवहार विभाग. देशभरातल्या पाचशेहून जास्त केंद्रांवरून रोजचे किरकोळ भाव याच खात्यात जमा होतात. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठाही हेच खातं उभा करतं. २०१२ पायाभूत वर्षाच्या महागाई निर्देशांकात कांद्याचं वजन जेमतेम ०.६४ टक्के होतं, पण कांदा महागला की सरकार पडतं ही आठवण दिल्लीत १९९८ पासून पक्की बसलीय. तिकडचा किरकोळ भाव चढला की इकडे आपल्या निर्यातीची फाईल हलते. म्हणून मी सकाळी लासलगावच्या आवकेसोबत त्या खात्याचे किरकोळ भावही बघते. आमच्या संचालकांपैकी एक आबा मला विचारतात, ‘ताई, दिल्लीतल्या बाईने कांदा किती रुपयांनी घेतला त्याचं आपल्याला काय?’ खरं तर सगळं त्याच्यावरच आहे.

आता अधिसूचना कशी वाचायची ते. व्हॉट्सॲपवर फिरणारी बातमी वाचू नका, डीजीएफटीच्या संकेतस्थळावरून मूळ पीडीएफ काढा. आधी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, बघा. आपल्या साध्या कांद्याचा ०७०३१०१९. मग थेट शेवटच्या परिच्छेदावर जा, कारण खरा जीव तिथे असतो. ७ डिसेंबर २०२३ च्या बंदीच्या अधिसूचनेत तीन प्रकारचा माल सुटला होता: अधिसूचनेआधी जहाजावर भरणं सुरू झालेला, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) दाखल होऊन ज्याचं जहाज बंदरात लागलंय किंवा नांगर टाकून उभं आहे आणि रोटेशन नंबर (जहाजाच्या फेरीचा नोंदणी क्रमांक) मिळालाय असा, आणि कस्टमच्या ताब्यात जाऊन त्यांच्या सिस्टिममध्ये नोंद झालेला. म्हणजे न्हावाशेवा बंदराच्या गेटबाहेर ट्रेलर उभा आहे, शेतकऱ्याचे पैसे देऊन झालेत, गिऱ्हाईकाशी करार झालाय, याला काही किंमत नाही. एरवी परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्ये आधीच्या पतपत्राला (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटला) संरक्षण असतं, पण बंदीच्या अधिसूचनेत ते लागू होणार नाही असं एका ओळीत लिहून टाकता येतं. ती ओळ शोधायची. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात कस्टम ब्रोकरला आमचं एकच सांगणं असतं: माल आत घ्या आणि नोंद झाल्याचा स्क्रीनशॉट पाठवा.

‘बंदी उठली’ ही बातमी आली तरी लगेच गोण्या भरायला घेऊ नका, आधी हिशेब मांडा. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण सोबत ५५० डॉलर टन किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. ५५० वर ४० टक्के म्हणजे ७७० डॉलर. तेव्हाच्या ८३ रुपये दराने किलोला सुमारे ६४ रुपये, आणि त्यात जहाजाचं भाडं धरलेलंच नाही. त्या भावात दुबईचा व्यापारी पाकिस्तानचा कांदा आधी बघणार. दार किलकिलं झालं इतकंच. लोकसभेचं मतदान तोंडावर होतं, दिंडोरीत २० मेला. तिथे पुढे केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. किमान मूल्य १३ सप्टेंबर २०२४ ला गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. मागणी करताना ‘मागच्या वेळी इतका उशीर झाला, तोवर उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत सडला’ असं म्हणता येतं ते या तारखांमुळेच.

आता मुख्य गोष्ट. मागणी लहान करा. ‘शेतकरीविरोधी धोरण रद्द करा’ यावर कुठलाही अवर सचिव टिपण लिहू शकत नाही. कर्नाटकने काय केलं बघा. शुल्क लागून दीड महिनाही झाला नव्हता, तोवर २९ सप्टेंबर २०२३ ला बंगलोर रोझ कांद्याला सूट मिळाली. युक्तिवाद साधा होता: हा कांदा देशात फारसा खाल्ला जात नाही, तो बाहेरच जातो, मग तो अडवून दिल्लीचा भाव कसा उतरणार? गैरवापराची भीती असेल तर राज्याच्या फलोत्पादन आयुक्तांचं प्रमाणपत्र जोडू. म्हणजे हरकत काय येणार ते आधी ओळखलं आणि तिचं उत्तर अर्जातच ठेवलं. गुजरातच्या पांढऱ्या कांद्याचंही तसंच. एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असताना २००० टनांची परवानगी निघाली, तीही फलोत्पादन आयुक्तांच्या प्रमाणपत्रावर. आपल्याकडे संताप झाला, रास्तच होता. पण त्या संतापात आपला एकही अर्ज त्या साच्यात बसवून गेलेला मला तरी दिसला नाही.

पत्र दीड पानाच्या वर नको. पहिल्या ओळीत अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि एचएस कोड. दुसऱ्या परिच्छेदात फक्त आकडे: आपल्या बाजार समितीची आवक, सरासरी भाव, चाळीतला शिल्लक साठा. त्यानंतर मागणी, तीही अधिसूचनेत जशीच्या तशी उतरवता येईल अशा वाक्यात. उदाहरणार्थ: ‘अधिसूचनेच्या तारखेपूर्वी शिपिंग बिल दाखल झालेल्या मालास, जहाज बंदरात आलेले नसले तरी, १५ दिवसांची मुदत द्यावी.’ ‘बळीराजा’ हा शब्द पत्रात घालू नका, तो भाषणासाठी ठेवा. एक प्रत डीजीएफटीला, एक ग्राहक व्यवहार विभागाला, शुल्काचा विषय असेल तर महसूल विभागाला, आणि अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या मुंबई कार्यालयाला नक्की. आतल्या बैठकीत निर्यातदारांची बाजू अपेडाच मांडते, पण आकडे आपण दिले तर.

वेळही महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा चाळीत जातो आणि खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरनंतर येतो. या दोन्हींच्या मध्ये, ऑगस्टपासून भाव चढतो, त्यातच सणासुदीचे दिवस. सरकार हात घालतं ते याच काळात. त्यामुळे पत्र जून-जुलैमध्ये गेलं पाहिजे, भाव शांत असताना.

२ जानेवारी २०२५ पासून एक नवं साधन हाती आलंय. परकीय व्यापार धोरणात परिच्छेद १.०७ क आणि १.०७ ख यांची भर पडली (इंग्रजी मजकुरात ते १.०७ए आणि १.०७बी असे शोधा). धोरण बदलताना संबंधितांची मतं मागवायची आणि ती मान्य नसतील तर कारण कळवण्याची सोय ठेवायची, असा त्याचा आशय. सरकारने स्वतःहून निर्णय घ्यायचा अधिकार राखून ठेवलाय, त्यामुळे रात्रीतून बंदी येणारच नाही असं समजू नका. आणि शुल्काला हे लागू नाही, ते दुसऱ्या मंत्रालयाचं. तरी प्रत्येक पत्रात या परिच्छेदांचा उल्लेख करून ‘मत अमान्य असल्यास कारण कळवावे’ ही ओळ मी टाकते.

खासदारांना लेटरहेडवर शिफारस मागण्यापेक्षा प्रश्न लिहून द्या. लोकसभेत प्रश्नासाठी १५ दिवसांची पूर्वसूचना लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा लागल्या की लगेच. प्रश्न असा हवा, की उत्तरात आकडा द्यावाच लागेल: राखीव साठ्यातला किती कांदा खराब झाला, बंदीच्या काळात कोणत्या देशाला किती टन परवानगी दिली. मिळालेलं उत्तर पुढच्या पत्राला जोडायचं.

आपल्या गिऱ्हाईकालाही कामाला लावा. बंदी असतानाही बांगलादेश, यूएई, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना ९९,१५० टनांची परवानगी दिली गेली होती, सरकार ते सरकार, एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत. कोलंबोच्या आयातदाराने त्याच्या मंत्रालयाकडे धरलेला आग्रह कधी कधी आपल्या मोर्च्यापेक्षा लवकर पोचतो. जागतिक व्यापार संघटनेचा धाक मात्र दाखवू नका. गॅट या तिच्या व्यापार कराराच्या अकराव्या कलमातच अन्नटंचाईसाठी तात्पुरत्या निर्यातबंदीची मुभा आहे, आणि समोरच्या अधिकाऱ्याला ते पाठ असतं.

पत्राला पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात फाईलवरचे शेरे मागा. मिळाले नाहीत तरी नकाराचं कारण लेखी मिळतं, आणि तुमचं पत्र कुठल्या विभागात अडकलंय तेही कळतं. पुढचं पत्र त्या विभागाच्या नावाने.