स्त्रियांसाठी लिहिलेली जुनी उपदेशपर पुस्तके कशी वाचावीत

सोलापुरातला एखादा जुना वाडा पाडायचे ठरले, की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. त्यांतली जमिनीची कागदपत्रे लगेच बाजूला काढून ठेवली जातात. आजी-पणजीच्या संग्रहातल्या पोथ्या, व्रतकथा, पाकशास्त्राची पुस्तके आणि ‘गृहिणीची कर्तव्ये’ सांगणारे छोटे ग्रंथ मात्र बहुधा रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. ते तसे जाऊ नयेत आणि नुसते जपून न ठेवता नीट वाचले जावेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

वाचायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. उपदेशाच्या पुस्तकात त्या काळच्या बायका कशा वागत होत्या हे लिहिलेले नसते. त्यांनी कसे वागावे असे लेखकाला वाटत होते, ते लिहिलेले असते. शेजारणीकडे तासन्‌तास बसू नये असे एखादे पुस्तक पानभर बजावत असेल, तर तशा बैठका भरत होत्या आणि कोणाला तरी त्या खुपत होत्या, असा अर्थ घ्यावा. म्हणून प्रत्येक ‘करू नये’ वहीत उतरवून त्यापुढे दोन प्रश्न लिहावेत: हे कोण करत होते, आणि त्याची अडचण कोणाला होत होती? या एका सवयीने कंटाळवाणे वाटणारे पुस्तकही बोलू लागते.

मग मुखपृष्ठाकडे वळावे. जुन्या पुस्तकांवर बरेचदा फक्त शक असतो; त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, मात्र पौष ते फाल्गुन या काळातले पुस्तक असेल तर ७९ मिळवावे लागण्याचा संभव असतो. किंमत आण्यांत असेल, तर १६ आण्यांचा रुपया होता हे लक्षात ठेवून पुस्तक कोणाच्या ऐपतीतले होते याचा अंदाज बांधावा. ‘सन १८६७ चा २५ वा आक्ट’ असा उल्लेख आढळला तर तो छापखाने व पुस्तकनोंदणीच्या कायद्याचा आहे, म्हणजे पुस्तक त्यानंतरचे. पान फाटले असल्यास शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा आहे. साल कळले की त्याच्या आगेमागे कोणते वाद चालू होते ते पाहावे. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, बालपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला, मुलीशी शरीरसंबंधासाठी किमान वय वाढवणारा १८९१ चा संमतिवयाचा कायदा आणि बालविवाह रोखणारा १९२९ चा शारदा कायदा, यांपैकी कशाच्या सावलीत पुस्तक लिहिले गेले यावर त्यातल्या ‘पतिसेवा’ किंवा ‘बालसंगोपन’ या प्रकरणांचा सूर अवलंबून असतो.

या वाचनाचा उत्तम सराव १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पुस्तकांवर होतो. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ आणि ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ ही दोन्ही त्या एकाच वर्षातली. रमाबाईंचे पुस्तक रीतसर उपदेशपर आहे: विद्या, विनय, संसारातले वर्तन, मुलांचे संगोपन अशा क्रमाने ते स्त्रियांना समजावते आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या अज्ञानाबद्दल खडसावतेही. आजच्या वाचकाला ते सनातनी वाटून तो ते मिटून ठेवण्याची शक्यता असते. त्याने घाई करू नये. लेखिकेला त्याच वर्षी वैधव्य आले होते, पदरी तान्ही मुलगी होती, त्याच वर्षी पुण्यात तिने आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्या वर्षी ती इंग्लंडला गेली, हे समोर ठेवून वाचले की स्त्रीने स्वतःच्या बळावर उभे राहावे हा आग्रह त्या उपदेशाच्या आत जागोजाग दिसू लागतो. सर्वमान्य भाषेत बोलल्याशिवाय ज्या घरांत पुस्तक शिरलेच नसते, तेथे ते शिरावे अशी ही मांडणी आहे, असे माझे मत आहे. बुलढाण्याच्या ताराबाईंनी उलट वाट धरली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर अर्भकहत्येच्या आरोपाखाली चाललेल्या खटल्यानंतर साऱ्या स्त्रीजातीला नावे ठेवली जात होती, तेव्हा त्यांनी उपदेश करणाऱ्यांचीच उलटतपासणी केली: जे दोष तुम्ही बायकांना चिकटवता, ते तुमच्यात नाहीत काय? ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, म्हणजे उपदेशाची भाषा कोठून येते आणि तिला उत्तर कसे देता येते, हे एकदमच कळते.

ही परंपरा छापखान्यापेक्षा फार जुनी आहे. तंजावरच्या मराठी राजदरबारी अठराव्या शतकात त्र्यंबकयज्वन् यांनी ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात पहाटे नवऱ्याआधी उठण्यापासून रात्रीच्या निजेपर्यंत पत्नीचा दिवस आखून दिलेला आहे. अशी दिनचर्या मराठी पुस्तकांतही भेटते. ती वाचताना पाणी कोणी भरले, धुणे कोणी धुतले, शेणगोठा कोणी केला, हे शोधावे. दिनचर्येत ज्यांचे नाव नाही, अशा बायकांच्या कष्टावरच ती बहुधा उभी असते.

पाकशास्त्राची पुस्तके याच शाखेत धरावीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली निघाले, आणि अशा पुस्तकांनी चूल हा शिकण्याचा आणि शिकवण्याचा विषय केला. त्यांतली मापे शेर, पावशेर, तोळ्यांत असतात; ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, पण शेर गावोगाव बदलत असे, म्हणून आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. माझ्या मावशीच्या पेटीत मुखपृष्ठ गेलेले असे एक पुस्तक निघाले. त्यातली सुरुवातीची उपदेशाची पाने कोरी करकरीत होती आणि भाज्या-आमट्यांची पाने तेलाने पारदर्शक झाली होती. जेथे ओले खोबरे घालायला सांगितले होते, तेथे समासात पेन्सिलीने ‘दाण्याचे कूट’ असे लिहिलेले होते, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कोकण-मुंबईकडच्या चवीने लिहिलेले पुस्तक सोलापूरच्या चुलीवर असे बदलले गेले. समास, डाग, दुमडलेले कोपरे आणि भेट देणारीचे नाव यांची नोंद छापील मजकुराइतक्याच काळजीने करावी; वाचणारीचा आवाज तेथेच ऐकू येतो.

सोलापूरच्या वाचकाने आणखी एक कसोटी लावावी. या पुस्तकांतली गृहिणी बहुतकरून पांढरपेशा, उच्चवर्णीय घरातली असते; नवरा कचेरीत जातो आणि ती घर सांभाळते. आपल्या गावात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची घरे वसली, आणि पुढे हजारो बायकांनी विडीच्या मजुरीवर संसार ओढला. हजार विड्यांचा हिशेब सांभाळत सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला ‘मिळकत पतीची, काटकसर पत्नीची’ ही विभागणी कशी लागू करणार? शिवाय घरात कन्नड, तेलुगू किंवा उर्दू बोलणाऱ्या स्त्रियांपर्यंत मराठी उपदेश पोचला असेलच असे नाही. अशा ठिकाणी पुस्तक बाजूला ठेवून जात्यावरच्या ओव्या, पत्रे आणि प्रत्यक्ष आठवणींकडे जावे.

छापील आठवणींचाही उपयोग होतो. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० चे आहे. नवऱ्याच्या आग्रहाने शिकणाऱ्या सुनेला घरातल्याच बायकांनी कसे छळले, ते त्यातून कळते. पत्नीने पतीची इच्छा हीच आज्ञा मानावी आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचेही मन राखावे, असे उपदेशाची पुस्तके एका दमात सांगतात. या दोन आज्ञा एकमेकींवर आदळल्या की काय होते, ते आठवणींतच सापडते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सोवळ्याच्या बाबतीत असाच आरसा दाखवतात. विसाव्या शतकातला उपदेश पाहायचा असेल, तर १९३० साली सुरू झालेले ‘स्त्री’ मासिक आणि र. धों. कर्वे यांचे संततिनियमन व लैंगिक शिक्षणाविषयीचे १९२७ पासूनचे मासिक ‘समाजस्वास्थ्य’ चाळावे.

आता हाताळणीविषयी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात जुना कागद पापडासारखा मोडतो. पुस्तक पूर्ण उघडून दाबू नये, सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. खिडकीच्या उजेडात मोबाइलने प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांसकट, फोटो काढावा. नंतर एखादा उतारा घरातल्या किंवा गल्लीतल्या वयस्क आजींना मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘असे होते का?’ असे न विचारता ‘तुमच्याकडे हे कोण करायचे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला होकार मिळतो, दुसऱ्याला गोष्ट. त्यांच्या संमतीने ती त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी, तारीख घालावी, आणि मूळ पुस्तक घरी सांभाळणे शक्य नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या गावातल्या जुन्या ग्रंथालयात आधी चौकशी करून, पुस्तक कोणत्या घरातले आणि कोणाच्या वापरातले होते याच्या चिठ्ठीसह सोपवावे.