समोरून जी४ आलं तर काय खेळायचं?

सोलापुरातल्या बुद्धिबळाच्या एक दिवसाच्या रॅपिड (कमी वेळेच्या) स्पर्धेत पहिल्याच खेळीला जी४ किंवा बी४ आलं, म्हणजे प्यादं त्या घरात सरकलं, की मुलं गडबडतात. निम्मी घाबरतात, निम्मी हावरटासारखी प्यादं मारतात. दुसरं जास्त महागात पडतं.

१५ मिनिटांच्या डावात इथे एक मिनिट खुशाल घालवा. या खेळीनं कोणतं घर कमजोर झालं आणि प्यादं फुकट दिसतंय ते का, एवढंच बघा.

जी४ या सुरुवातीचं नाव ग्रॉब. तुम्ही काळे, उत्तर डी५. पांढरा खेळाडू उंट जी२ वर आणतो. आता उंटानं जी४ मारायचा मोह होतो, पण मारलं की सी४ येतं. डी५ च्या प्याद्यानं ते घेतलं की जी२ चा उंट थेट बी७ मारतो आणि ए८ चा हत्ती कोपऱ्यात अडकतो. म्हणून आधी सी६. पांढऱ्यानं एच३ खेळून प्यादं राखलं की ई५. मधला पट तुमचा, आणि त्याच्या राजाची बाजू उघडी.

बी४ ला ई५, उंट बी२ ला उंटानं बी४ मारा. पांढरा ई५ घेईल, घेऊ द्या. घोडा एफ६, मग कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र खेळी). ग्रँडमास्टर टार्टाकोवरनं १९२४ मध्ये न्यूयॉर्कला हे खेळल्यापासून याला ओरांगउटान म्हणतात.

सर्वात जास्त बळी घेतो तो एंग्लंड गँबिट (गँबिट म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम दिलेलं प्यादं). इथे तुम्ही पांढरे. डी४ ई५, प्याद्यानं ई५ मारलं, घोडा सी६, घोडा एफ३, वजीर ई७, उंट एफ४, वजीर बी४ शह, उंट डी२, वजिरानं बी२ मारलं. इथे हत्ती वाचवायला उंट सी३ खेळलात की संपलं: काळ्याचा उंट बी४, तुमचा वजीर डी२, उंटानं सी३ मारलं. वजिरानं परत घेतलं तर वजीर सी१ मात. घोड्यानं घेतलं तर ए१ चा हत्ती गेला. बरोबर खेळी घोडा सी३. मग उंट बी४ ला हत्ती बी१, वजीर ए३ ला घोडा डी५. बी४ चा उंट आणि सी७ एकदम मारात.

तुमच्या ई४ ला काळ्याकडून ए६ आलं तरी हसू नका. १९८० मध्ये इंग्लंडच्या ग्रँडमास्टर माइल्सनं त्यावर विश्वविजेत्या कार्पोवला हरवलं. डी४, घोडा एफ३, उंट डी३, कॅसलिंग, एवढं शांतपणे करा.

घरी पटावर एंग्लंड दोन्ही बाजूंनी दहादा मांडा, मोबाईलवर नको. एप्रिल-मेच्या सुट्टीत हा सराव सकाळी नऊच्या आत उरका. सोलापूरच्या दुपारी एवढ्या खेळ्या डोक्यात राहत नाहीत.