नियम बदलला की पंचाने नजर कुठे ठेवायची? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचे प्रस्ताव वाचण्याची रीत

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे नियम एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना ठरवते. पुरुषांच्या खेळातले मोठे बदल साधारणपणे एक वर्ष सोडून येतात. मे महिन्यात नियम समिती शिफारशी करते, जूनमध्ये ‘प्लेइंग रूल्स ओव्हरसाइट पॅनल’ ही वरची देखरेख समिती त्यांना मंजुरी देते आणि नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू होतो. पंचाच्या हातात मधले जेमतेम पाच महिने असतात. तेवढ्या काळात नियमाचे शब्द पाठ होतात, पण डोळ्याला आणि शिट्टीला लागलेली सवय जुनीच राहते. हंगामाच्या सुरुवातीच्या बहुतेक चुका तिथून येतात.

म्हणून कुठलाही प्रस्ताव हातात आला की आधी चार प्रश्न विचारा. निर्णयाचा नेमका क्षण कोणता? त्या क्षणी लीड (रिंगमागच्या रेषेवरचा), सेंटर (बाजूच्या रेषेवरचा) आणि ट्रेल (खेळाच्या मागे राहणारा) या तीन पंचांपैकी कोणाला तो दिसतो? दंड काय बदलतो? टेबलावरच्या स्कोअररचं आणि शॉट क्लॉक (शॉट मारण्याची मुदत मोजणारं घड्याळ) सांभाळणाऱ्याचं काम बदलतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर तो नियम अजून कळलेला नाही असं समजा.

या पद्धतीची खरी कसोटी ब्लॉक-चार्जवर लागते. धडकेत फाउल बचावपटूचा असेल तर ब्लॉक, आक्रमकाचा असेल तर चार्ज. बचावपटू जागेवर ‘वेळेत’ पोचला का, हा प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे. बदलत आली ती वेळेची व्याख्या. 2013-14 मध्ये ठरलं की आक्रमकाने चेंडू घेऊन वरच्या दिशेने हालचाल सुरू केली की बचावपटूने त्याच्या वाटेत यायचं नाही. ‘वरची हालचाल’ नेमकी कधी सुरू झाली यावर पंचांचं एकमत होईना. पुढच्याच वर्षी निकष बदलला: आक्रमक हवेत जाण्याआधी बचावपटूचे दोन्ही पाय जमिनीवर, तोंड आक्रमकाकडे आणि शरीर स्थिर हवं. 2023-24 पासून तो क्षण आणखी मागे आला. उडी मारण्यासाठी आक्रमक जो पाय रोवतो, तो रोवला जाईपर्यंत बचावपटू जागेवर हवा. त्यानंतर पोचला तर ब्लॉक.

आमच्या मते तिन्हींत हा शेवटचा निकष सर्वांत चांगला, कारण रोवलेला पाय डोळ्याला दिसतो. पण तो पाहायचा कसा, हे शिकावं लागतं. चेंडूवर नजर ठेवणारा पंच हा निर्णय नेहमी उशिरा घेतो. नजर आधी बचावपटूवर ठेवा. तो थांबला की मनात ‘आला’ म्हणा, आक्रमकाचा पाय पडला की ‘पडला’ म्हणा. ‘आला’ आधी असेल तर चार्ज शक्य आहे, ‘पडला’ आधी असेल तर ब्लॉक. दोन्ही एकाच वेळी झाले असं वाटलं, तर बचावपटू आधी पोचलेला नव्हता. त्यापुढे मदतीला धावून आलेला, म्हणजे दुय्यम बचावपटू असेल, तर त्याचा पाय रिंगखालच्या चार फुटी कमानीत होता का, हे लीडने पाहायचं. कमानीत उभ्या दुय्यम बचावपटूला चार्ज मिळत नाही. कमान 2011-12 मध्ये तीन फुटांची आली आणि 2015-16 पासून चार फुटांची झाली. इथे होणारी चूक ठरलेली आहे: धडक जोरात झाली, बचावपटू पाठीवर आपटला, की हात आपोआप चार्जच्या खुणेकडे जातो. पडण्याच्या आवाजावरून निर्णय द्यायचा नाही.

महाराष्ट्रात शालेय, विद्यापीठ किंवा राज्य स्पर्धांत शिट्टी वाजवणाऱ्यांनी इथे सावध राहावं. आपल्याकडे फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम चालतात. तिथे आक्रमकाने जमीन सोडण्याआधी बचावपटू जागेवर असणं पुरतं, आणि नो-चार्ज अर्धवर्तुळ 1.25 मीटरचं असतं. पाय पडल्यानंतर पण उडीआधी बचावपटू पोचला, तर तोच प्रसंग कॉलेज सामन्यात ब्लॉक आणि आपल्याकडे चार्ज ठरू शकतो. एनसीएएच्या क्लिप पाहून सराव करत असाल तर हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

2025-26 साठी आलेला ‘सलग हालचाली’चा बदल शिट्टीच्या वेळेला हात घालतो. पूर्वी फाउल शॉटच्या हालचालीत झाला तरच बास्केट मोजलं जाई. त्याआधीच्या धडकेला ‘जमिनीवरचा फाउल’ म्हणून पंच बास्केट रद्द करत. आता ड्रिबल संपवून रिंगकडे निघालेल्या खेळाडूला धडक बसली, तर तो चालू पाऊल पुरं करून किंवा पिव्हट करून (एक पाय रोवून वळून) शॉट मारू शकतो, आणि तो शॉट ग्राह्य धरला जातो. प्रत्येक वेळी क्रमाने तीन गोष्टी तपासा. धडकेच्या वेळी ड्रिबल संपलेलं होतं का? खेळाडू रिंगकडे जात होता का? धडकेनंतरचं पाऊल नियमात बसलं का? ड्रिबल चालू असेल तर जुनाच निर्णय. पाऊल जास्तीचं पडलं तर बास्केट नाही.

दंडातला फरक मोठा आहे. बोनस (सांघिक फाउल ठरावीक संख्येला पोचले की मिळणारे फ्री थ्रो) लागू नसेल तर पूर्वी नुसता थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं, मिळायचा. आता शॉट पडला तर गुण आणि एक फ्री थ्रो, हुकला तर दोन. म्हणून शिट्टी वाजवून मूठ वर करा, पण बास्केट रद्द केल्याची खूण घाईने करू नका. खेळाडूचं पाऊल पुरं होईपर्यंत पाहत राहा. एकदा हात हलवून रद्द केलेलं बास्केट पुन्हा मोजायला गेलात, तर दोन्ही बेंच उभी राहतात, आणि त्यांचं चुकत नाही.

त्याच हंगामापासून पुरुषांच्या खेळात प्रशिक्षकाचं चॅलेंज आलं. (महिलांकडे ते वर्षभर आधी, वेगळ्या यादीसह आलं. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी याद्या सरमिसळ करू नयेत.) पुरुषांमध्ये विषय तीनच: चेंडू कोणाकडून बाहेर गेला, गोलटेंडिंग किंवा बास्केट इंटरफिअरन्स (रिंगकडे खाली येणाऱ्या किंवा रिंगवरच्या चेंडूला बेकायदा हात लावणं), आणि दुय्यम बचावपटू कमानीत होता का. संघाकडे टाइमआउट शिल्लक हवा. चॅलेंज बरोबर ठरलं तर आणखी एक मिळतं, चुकलं तर उरलेल्या सामन्यात चॅलेंज नाही. प्रशिक्षक आला की कोणत्या विषयावर चॅलेंज आहे हे त्याच्या तोंडून आधी वदवून घ्या. ‘तो चार्ज नव्हताच’ हा विषय यादीत नाही. पाय कमानीत होता की नाही, एवढंच मॉनिटरवर पाहता येतं.

यातली सर्वांत अवघड सवय वेगळीच आहे. चेंडू बाहेर गेला तर शेवटच्या दोन मिनिटांत मॉनिटरकडे वळायची पंचांना सवय होती. आता चॅलेंजशिवाय त्यासाठी मॉनिटरकडे जाता येत नाही. गोलटेंडिंग आणि कमान मात्र शेवटच्या दोन मिनिटांत आणि ओव्हरटाइममध्ये पंच स्वतःहून पाहू शकतात. त्यामुळे बाजूच्या रेषेवर गर्दीत चेंडू निसटला, तर दिशा दाखवण्याआधी सहकाऱ्याकडे नजर टाका. त्याला स्पष्ट दिसलं असेल तर दोघांनी दोन शब्द बोलून एकच दिशा दाखवा. दोन पंचांनी दोन दिशा दाखवल्या, तर चॅलेंजला आपणच आमंत्रण दिलं.

शॉट क्लॉकचं काम सोपं वाटतं, तरी गफलत होते. 2015-16 पासून क्लॉक 30 सेकंदांचं आहे. 2019-20 पासून चेंडू रिंगला लागून आक्रमक संघाकडेच रिबाउंड गेला की ते 20 वर येतं. बोटाच्या सवयीने टेबलावरून 30 लागतं. प्रत्येक आक्रमक रिबाउंडनंतर चेंडूपासून लांब असलेल्या पंचाने घड्याळावर एक नजर टाकायची, हे सामन्याआधीच ठरवा. हा बदल 2018 च्या एनआयटी या हंगामाअखेरच्या कॉलेज स्पर्धेत आधी करून पाहिला होता. चार फुटी कमान आणि 30 सेकंदांचं क्लॉकसुद्धा 2015 च्या एनआयटीतून पुढे आलं. पुढचा प्रस्ताव कुठला, हे ओळखायचं तर ही स्पर्धा लक्ष देऊन पाहा.

2018 च्या त्याच स्पर्धेत 10 मिनिटांचे चार क्वार्टरही होते. महिलांचा खेळ 2015-16 पासून तसाच चालतो. 2025 मध्ये पुरुषांच्या समितीने त्या दिशेला कल दाखवला आणि परिषदांनी (कॉलेज संघांच्या गटांनी) संयुक्त गट नेमून मत द्यावं असं सुचवलं. पुरुषांच्या हाफमध्ये सातव्या सांघिक फाउलपासून ‘वन अँड वन’ (पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा) आणि दहाव्यापासून दोन फ्री थ्रो असतात. महिलांची रचना जशीच्या तशी घेतली, तर दर क्वार्टरला मोजणी शून्यावर येईल, पाचव्या फाउलपासून थेट दोन फ्री थ्रो मिळतील आणि ‘वन अँड वन’ संपेल. पंचासाठी यातली जड बाजू शेवटच्या शॉटची आहे. ओव्हरटाइम सोडला तर कालावधी संपतानाचा शॉट आज सामन्यात दोनदा येतो, तेव्हा तो चारदा येईल. वेळ संपल्याचा दिवा लागला तेव्हा चेंडू हातातून सुटला होता का, हे कोण पाहणार आणि फाउल कोण पाहणार, याची वाटणी तेव्हा प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात, खेळ थांबलेला असताना, हाताच्या खुणेने पक्की करावी लागेल. महिलांचे सामने करणारे पंच हे रोज करतात. त्यांच्यासोबत दोन सामने टेबलाजवळ बसून पाहिलेत, तर ही वाटणी कशी चालते ते नीट कळेल.