थंड हवेत नारळासारखा पाम हवाय? असा निवडा

आधी बघा, तुमच्याकडे कडाक्याच्या थंडीत रात्री पारा किती खाली जातो, सगळं त्यावरच ठरतं. खरा नारळ सतत १० डिग्रीच्या खाली राहिला की पिवळा पडून मरतो, त्याचा हट्ट नकोच.

हलकंच दव गोठत असेल तर डोळे झाकून बेकारिओफिनिक्स आल्फ्रेडी घ्या, मादागास्करच्या पठारावरचा आहे, २००७ मध्ये नाव मिळालं आणि झावळ्या इतक्या हुबेहूब की लांबून नारळच वाटतो, फक्त वाढतो जरा हळू. घाई असेल तर क्वीन पाम, पण झावळ्या विस्कटलेल्या दिसतात. त्याहून कडक थंडीला म्यूल पाम, म्हणजे ब्यूटिया नावाच्या पामचा आणि क्वीन पामचा संकर. रोप लहान असताना थंडीत शेंड्याचा कोंब झाका, तो गेला की झाड गेलं.