साइट गूगलवरून गायब झाली तेव्हा

नवं डिझाइन चढवलं आणि काही दिवसांतच माझ्या छोट्या व्यवसायाची साइट गूगलवर दिसेनाशी झाली. मी आधी उगाच कीवर्डच्या मागे लागलो. मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, पानाचा पत्ता तपासला, तर कारण समोरच: 'नोइंडेक्स', म्हणजे हे पान शोधात दाखवू नका अशी गूगलला सूचना. काम चालू असताना लावलेला टॅग कोणी काढलाच नव्हता. कोणी म्हणजे मीच!

टॅग काढून इंडेक्सिंगची, म्हणजे पानं गूगलच्या यादीत पुन्हा घेण्याची, विनंती केली. पण पानांचे पत्तेही बदलले होते, जुन्या लिंकवरून येणारा माणूस थेट ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही' या संदेशावर, आपटायचा. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवायचा मोह झाला. पण तसं केलं तर गूगल त्यांना बहुतेकदा ४०४च धरतं. म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्याला त्याच विषयाच्या नव्या पानाचं ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) दिलं. कंटाळवाणं काम. पानं हळूहळू परतली, दोन-तीन अजून यायचीत.