हार्ड डिस्क दिसत नाही? आधी नक्कल, मग दुरुस्ती

डिस्क जोडा आणि आधी ऐका. एकसारखी खट्… खट्… खट् होऊन ती गप्प होत असेल, तर त्याच क्षणी काढा आणि पुन्हा लावू नका. आतला हेड (चकतीवरचा डेटा वाचणारा भाग) बहुधा बिघडलेला असतो आणि फिरत्या चकतीवर ओरखडे पडायचा धोका असतो. अशी डिस्क क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या लॅबमध्येच उघडायची असते. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो कृपा करून मानू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरते. तशाच मॉडेलचा सर्किट बोर्ड आणून बसवणेही बहुतेक वेळा फुकट जाते, कारण त्या डिस्कची स्वतःची जुळणी बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेली असते.

डिस्क नीट फिरत असेल तर केबल बदला, हब काढा, दुसऱ्या पोर्टला लावा.

मग विंडोजचे ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क आहे पण ड्राइव्हचे अक्षर (D:, E: असे) नाही? अक्षर द्या, काम झाले. क्षमता शून्य किंवा भलतीच दिसत असेल तर पुन्हा लॅब. ‘रॉ’ (म्हणजे विंडोजला डिस्कवरची मांडणी ओळखता आलेली नाही) दिसत असेल, किंवा ‘फॉरमॅट करायचे का?’, ‘इनिशियलाइझ करायचे का?’ असे विचारले, तर ‘कॅन्सल’ दाबा.

खरी कसोटी इथून पुढे आहे. ‘चेकडिस्क (विंडोजचे डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन) मारून बघ’ हे सगळेच सांगतात. मीही मावशीच्या डिस्कवर तेच केले होते. रात्रभर चालले. सकाळी बघतो तर लग्नाच्या फोटोंचे फोल्डर गायब, आणि ‘फाउंड.000’मध्ये बिननावाच्या तुकड्यांचा ढीग. चेकडिस्क फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची मांडणी, सुसंगत करते, तुमच्या फाइली वाचवणे हा तिचा हेतूच नाही. ही सुसंगती आणण्यासाठी ती डिस्कवर लिहिते, आणि आधीच खराब सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे तुकडे) असलेली डिस्क रात्रभर राबवते. त्या फोटोंपैकी निम्मेही परत आले नाहीत. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: नक्कल हातात येईपर्यंत मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही.

नक्कल करायला लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून मशीन थेट लिनक्समध्ये सुरू होते) आणि त्यातला ‘डीडीरेस्क्यू’ हा प्रोग्राम वापरा. साधे कॉपी-पेस्ट खराब सेक्टरवर अडकून बसते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येईल ते सगळे उचलते आणि अडणारा भाग मागे ठेवते. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी, आणि रिकामी हवी.

आदेशात तीन नावे लागतात: आधी बिघडलेली डिस्क, मग नवी, शेवटी नकाशा फाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद). पहिली दोन उलटी पडली तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर उतरते आणि परतीचा रस्ता उरत नाही. लिनक्स डिस्कना देते त्या ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ या नावांवर विसंबू नका, मशीन पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. मी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहितो, स्क्रीनवरच्या नंबरशी ताडतो, आणि मगच एंटर दाबतो. नकाशा फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्समध्येच ठेवली तर मशीन बंद होताच ती जाते. ती हाताशी असेल तर काम मध्येच थांबवता येते आणि तिथूनच पुढे सुरू करता येते. डिस्क तापली की मी थांबवतो आणि थंड होऊ देतो.

पहिली फेरी ‘एन’ (-n) पर्यायाने करा, म्हणजे खराब भाग खरवडत बसत नाही. त्यानंतर उरलेल्या तुकड्यांवर तीनदा प्रयत्न पुरे. वाचनाचा वेग एकदम कोसळला किंवा नवा आवाज यायला लागला, तर तिथेच थांबा.

आता मूळ डिस्क काढून ठेवा. नकलेवर ‘टेस्टडिस्क’ चालवून हरवलेले पार्टिशन (डिस्कचा विभाग) शोधा. तेही जमले नाही तर ‘फोटोरेक’ फाइली काढून देते, पण मूळ नावे आणि फोल्डर बहुतेक मिळत नाहीत. मिळालेल्या फाइली तिसऱ्या ठिकाणी साठवा.

आणि फोटो प्रत्यक्ष उघडून बघा. छोटे चित्र नीट दिसते आणि उघडल्यावर खालचा अर्धा फोटो करडा निघतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. ही तपासणी होईपर्यंत जुनी डिस्क टाकू नका.